कावीळ ‘ब’ आणि बारूख ब्लुमबर्ग

१९६३ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे, राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका प्रयोगशाळेत, जेलच्या पातळ थरावर एक बारीक पांढरी रेघ उमटली. जेलमधील एका खळग्यात न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव, ठेवलेले होते. जगाच्या निरनिराळ्या भागांतून मिळवलेले चोवीस जणांचे सीरम त्याच्याशी ताडून पाहिले जात होते. तेवीस नमुन्यांबाबत काहीच घडले नाही. चोविसाव्याबाबत घडले, आणि तो नमुना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीचा होता. न्यूयॉर्कमधील रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांनी हजारो मैलांवरच्या माणसाच्या रक्तातील कोणत्या पदार्थाला ओळखले, हे कोडे बारूख ब्लुमबर्ग आणि त्यांचे तरुण सहकारी हार्वे ऑल्टर यांच्यापुढे उभे राहिले. त्या पदार्थाला त्यांनी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे नाव दिले. कावीळ हा शब्द तेव्हा दोघांपैकी कुणाच्याही मनात नव्हता.

ब्लुमबर्ग यांना भूल पडली होती ती वेगळ्याच प्रश्नाची. एकच रोग एकाच गावातील दोन माणसांना होतो. एक अंथरुणाला खिळतो, दुसऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. असे का व्हावे? हा प्रश्न त्यांनी तरुणपणी उचलला आणि अखेरपर्यंत खाली ठेवला नाही.

त्यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. वडील वकील. प्राथमिक शिक्षण ज्यू धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत झाले. तेथे हिब्रू ग्रंथांबरोबरच एकाच वचनाचे अनेक अर्थ लावून वाद घालण्याची सवयही लागली. पुढचे शिक्षण फार रॉकअवे हायस्कूलमध्ये झाले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन हेही याच शाळेचे. दुसऱ्या महायुद्धात ब्लुमबर्ग नौदलात होते. १९४६ साली त्यांनी भौतिकशास्त्रातील पदवी घेतली, कोलंबिया विद्यापीठात गणिताच्या पदव्युत्तर अभ्यासालाही प्रारंभ केला. परंतु वडिलांच्या सूचनेवरून ते वैद्यकाकडे वळले. १९५१ साली ते डॉक्टर झाले.

त्याआधीच्या वर्षी, विद्यार्थिदशेतच, त्यांनी दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये काही महिने घालवले. मोएन्गो हे तेथील बॉक्साइटच्या खाणींचे गाव. उसाच्या मळ्यांवर आणि खाणींवर राबण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आणलेल्या माणसांची सुरिनाममध्ये सरमिसळ झालेली होती: आफ्रिकेतून आलेले, जावा बेटातून आलेले, चीनमधून आलेले, आणि भारतातून करारावर गेलेल्या मजुरांचे वंशज. डास सर्वांना सारखेच चावत. हत्तीरोगाचे जंतू मात्र सर्वांच्या अंगी सारखे मुरत नसत. ब्लुमबर्ग यांनी या फरकाची मोजदाद केली. तिचे निष्कर्ष फार मोठे नव्हते, पण त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा तेथे ठरली.

ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयातून १९५७ साली डॉक्टरेट घेऊन ते बेथेस्डाला रुजू झाले. निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांमध्ये आनुवंशिक फरक कोणते, हा त्यांचा विषय होता. त्यासाठी नायजेरियापासून पॅसिफिक बेटांपर्यंतचे रक्ताचे नमुने त्यांनी जमवले. अशा फरकांचा छडा लावण्याची त्यांची युक्ती साधी होती. ज्यांना अनेकदा दुसऱ्याचे रक्त द्यावे लागले आहे, अशा रुग्णांच्या शरीराने परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार केलेली असतात. त्यांच्याच सीरमला गळ करून नवे प्रथिन शोधायचे. ती रेघ याच गळाला लागली.

१९६४ साली ब्लुमबर्ग फिलाडेल्फियातील कर्करोग संशोधन संस्थेत गेले. ही संस्था पुढे फॉक्स चेस कॅन्सर सेंटर म्हणून प्रसिद्धीस आली. तेथे या अँटिजेनचा माग सुरू झाला. निरोगी अमेरिकी नागरिकांत तो हजारात एखाद्याकडे सापडे, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत मात्र सुमारे दहा टक्क्यांकडे. डाऊन सिंड्रोम असलेल्या आणि मोठ्या निवासी संस्थांत राहणाऱ्या मुलांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते. ज्याच्या रक्तात अँटिजेन असे त्याच्यात तो पुढच्या तपासणीतही असे. नसे त्याच्यात नसे. म्हणून हे जन्मजात, आनुवंशिक लक्षण असावे, असा त्यांचा समज झाला. तो चुकीचा होता. १९६६ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या एका रुग्णाच्या रक्तात आधी नसलेला अँटिजेन दिसू लागला. त्याला रुग्णालयात ठेवून तपासले, तेव्हा यकृताला सूज आल्याचे आढळले. त्यानंतर प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ तरुणी आजारी पडली. तिने स्वतःच्याच सीरमची तपासणी केली आणि तिला तीच पांढरी रेघ दिसली. थोड्याच दिवसांत तिला कावीळ झाली. पुढे ती बरी झाली.

१९६७ साली ब्लुमबर्ग यांच्या चमूने ऑस्ट्रेलिया अँटिजेन आणि विषाणुजन्य कावीळ यांचा संबंध प्रसिद्ध केला. यकृताच्या रोगांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना, बाहेरून आलेल्या या आनुवंशिकशास्त्रज्ञाचा दावा सहजासहजी पटला नाही. परंतु न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स आणि जपानमध्ये ओकोची यांनी स्वतंत्रपणे केलेल्या कामातून त्याला पुष्टी मिळाली. हा अँटिजेन म्हणजे कावीळ ‘ब’च्या विषाणूचे बाह्य आवरण होते. रक्तपेढ्यांमधून दात्यांच्या रक्ताची तपासणी सुरू झाली आणि रक्त घेतल्यानंतर होणाऱ्या काविळीचे एक मोठे कारण आटोक्यात आले. आज कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या हाती जी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ची चिठ्ठी दिली जाते, तिचा उगम हा.

येथपर्यंतची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते. तिच्यातील एक भाग मात्र बहुधा निसटून जातो, आणि ब्लुमबर्ग यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर नेमके तेथेच दडलेले होते.

१९६९ साली थॉमस लंडन, ब्लुमबर्ग आणि सहकाऱ्यांनी एका डायलिसिस विभागातील काविळीच्या साथीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी, दोघांनाही एकाच विषाणूची लागण झाली होती. कर्मचारी धडधाकट होते. त्यांना ताप आला, डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली. पण काही आठवड्यांत विषाणू शरीरातून नाहीसा झाला. रुग्ण आधीच दुबळे होते. त्यांना फारसे काही झालेच नाही. मात्र त्यांच्या रक्तात अँटिजेन महिनोन्‌महिने टिकून राहिला. म्हणजे जो आजारी दिसला तो सुटला आणि ज्याला काही झाले नाही तो अडकला.

या विपरीत दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ असा, की हा विषाणू यकृताच्या पेशींना स्वतः फारसा मारत नाही. मारतात त्या शरीराच्याच संरक्षक पेशी. ज्या यकृतपेशीत विषाणू शिरला आहे तिला हुडकून टी-पेशी नष्ट करतात. त्या धुमश्चक्रीत यकृत सुजते आणि कावीळ दिसू लागते. पिवळे डोळे ही एका अर्थाने लढाई चालू असल्याची खूण असते. लढाईच झाली नाही, तर खूण कुठून दिसणार? प्रौढ वयात लागण झालेल्या शंभरांपैकी जेमतेम पाच जण कायमचे वाहक होतात. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या शंभर बाळांपैकी मात्र सुमारे नव्वद होतात. कारण त्या बाळाची संरक्षण-यंत्रणा अजून शत्रू-मित्र ओळखायला शिकत असते.

वाहकाच्या शरीरातील टी-पेशींचे पुढे काय होते, हे समजायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. तो शोध ब्लुमबर्ग यांचा नव्हे. झुरिचमधील संशोधकांनी १९९३ साली उंदरांना एका वेगळ्याच विषाणूची मोठी मात्रा दिली, तेव्हा टी-पेशी आधी वेगाने वाढल्या आणि मग जणू शक्ती संपून नाहीशा झाल्या. त्यांनी याला थकवा असेच नाव दिले. साऱ्याच पेशी मरत नाहीत, काही जिवंत असूनही निकामी होऊन राहतात, हे १९९८ साली अमेरिकेत दिसून आले. शत्रू समोरून हलतच नाही, रोज तेच दर्शन, रोज तोच इशारा. अशा स्थितीत टी-पेशी एकेक काम सोडू लागते. आधी ती आपली संख्या वाढवण्याचे थांबते, मग मारण्याची ताकद जाते, मग इतर पेशींना हाक देणारी रसायने स्रवणे मंदावते. तिच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे प्रथिन दाटीने उगवते, आणि ते ब्रेकसारखे काम करते. हा ब्रेक दाबून धरणारा संकेत अडवला, तर थकलेल्या पेशी काही अंशी पुन्हा कामाला लागतात, हे २००६ साली अटलांटा येथील एमरी विद्यापीठात रफी अहमद यांच्या चमूने उंदरांत दाखवले. अहमद हे मूळचे हैदराबादचे. लवकरच कावीळ ‘ब’ आणि ‘क’च्या दीर्घकालीन रुग्णांतही अशाच दमलेल्या टी-पेशी आढळल्या.

या थकव्यामागचे एक कारण म्हणून आज ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो पदार्थ दुसरातिसरा कोणी नसून ब्लुमबर्ग यांचा ऑस्ट्रेलिया अँटिजेनच आहे. हा विषाणू आपल्या आवरणाचे रिकामे कण अतोनात प्रमाणात रक्तात सोडत राहतो. एका खऱ्या विषाणूमागे असे हजारो, कधी लाखभर रिकामे कण असतात. त्यांच्या आत विषाणूचा गाभा नसतो, त्यामुळे ते रोग पसरवत नाहीत; पण संरक्षक पेशींना ते वर्षानुवर्षे, रात्रंदिवस भेटत राहतात. १९६३ साली जेलमध्ये रेघ सहज उमटली तीही याच विपुलतेमुळे. विषाणूचे मोजके कण असते तर त्या साध्या चाचणीत ते कधीच दिसले नसते.

आणि याच रिकाम्या कणांतून ब्लुमबर्ग यांनी लस काढली. वाहकांच्या रक्तातून हे कण वेगळे काढून शुद्ध केले, तर ते रोग न होऊ देता शरीराला सावध करतील, असा विचार त्यांनी आणि आयर्विंग मिलमन यांनी मांडला व १९६९ साली पेटंटसाठी अर्ज केला. माणसाच्या रक्तापासून लस बनवण्याची ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. १९८१ साली अमेरिकेत लसीला परवानगी मिळाली. त्याच सुमारास एड्सचे सावट आले आणि मानवी रक्तापासून बनलेल्या लसीची लोकांना धास्ती वाटू लागली. १९८६ साली यीस्टमध्ये तोच अँटिजेन तयार करून बनवलेली लस आली, आणि हा प्रश्न मिटला. जो कण दशकानुदशके पूर येऊन टी-पेशींना दमवतो, तोच तीन इंजेक्शनांतून थोडाथोडा, ताज्या दमाच्या संरक्षण-यंत्रणेपुढे ठेवला, की आयुष्यभराचे कवच ठरतो. पदार्थ तोच, भेटीची वेळ आणि मात्रा तेवढी वेगळी.

दरम्यान १९७६ साली ब्लुमबर्ग यांना कार्लटन गायडुसेक यांच्यासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच काळात सेनेगलमध्ये फ्रेंच आणि अमेरिकी संशोधकांबरोबर केलेल्या कामात त्यांच्या चमूला असे दिसले, की यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या आयांमध्येही हा अँटिजेन मोठ्या प्रमाणावर आढळतो. म्हणजे आईच्या कुशीत सुरू झालेल्या लागणीची परिणती तीस-चाळीस वर्षांनी कर्करोगात होत होती. १९८१ साली तैवानमधील बावीस हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीतून पामर बीझली यांनी हे नाते पक्के केले: वाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशे पटींहून अधिक होता. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना लस देण्यास सुरुवात केली आणि पुढील काही वर्षांत तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग घटला. लसीने कर्करोग टाळता येतो याचा जगातील हा पहिला पुरावा मानला जातो.

परंतु लस आल्यानेही एका प्रचंड समुदायाचे काहीच भले होणार नव्हते. ज्यांच्या टी-पेशी आधीच दमलेल्या आहेत, त्यांना लस टोचून उपयोग नाही. त्यांचे रक्त त्या अँटिजेनने अगोदरच भरलेले असते. ब्लुमबर्ग यांना याची बोच होती, असे त्यांच्या पुढील कामावरून म्हणता येईल. नोबेल मिळाल्यावर अनेक शास्त्रज्ञ समित्यांमध्ये रमतात. हे मात्र वनस्पतींकडे वळले. जगभर काविळीवर परंपरेने दिल्या जाणाऱ्या झाडपाल्याची त्यांनी आणि मूळच्या भारतीय असलेल्या व्यंकटेश्वरन यांनी छाननी सुरू केली. तिच्यात एक वनस्पती उठून दिसली. ती म्हणजे भुईआवळी. महाराष्ट्रात पावसाळ्यात कुंपणाकडेला उगवणारी, काविळीवर घरोघरी दिली जाणारी हीच ती वनस्पती. १९८६ साली ब्लुमबर्ग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचे रामन अभ्यागत प्राध्यापक होते. १९८८ साली त्यांनी मद्रासच्या थ्यागराजन आदी संशोधकांसह वाहकांवर केलेल्या चाचणीचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. भुईआवळी घेणाऱ्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून अँटिजेन गेला होता. नुसती पूड घेणाऱ्या २३ जणांत एकाच्याच. सारे जग दचकले. पण इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत हा परिणाम पुन्हा मिळाला नाही, आणि भुईआवळी औषध म्हणून मान्य झाली नाही. काविळीवरील गावठी औषधांच्या जाहिरातींत या अहवालाचा पहिला अर्धा भागच सांगितला जातो, हे येथे नोंदवायला हवे.

ते कोडे अजून सुटलेले नाही. विषाणूची वाढ रोखणाऱ्या गोळ्या आहेत, त्या यकृत वाचवतात. पण यकृतपेशीच्या केंद्रकात दडून बसलेला विषाणूचा मूळ आराखडा त्यांना पुसता येत नाही, त्यामुळे बहुतेकांना त्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. टी-पेशींचा ब्रेक सोडवणारी औषधे कर्करोगात प्रभावी ठरली. पीडी-१ शोधणारे क्योतोचे तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळाले. काविळीत मात्र त्यांचा वापर जपूनच करावा लागतो. निम्मे यकृत विषाणूने व्यापलेले असताना निजलेल्या साऱ्या टी-पेशी एकाच वेळी खडबडून जाग्या झाल्या, तर त्या विषाणूबरोबर यकृताचाही फडशा पाडतील. थकवा ही नुसती हार नाही. शरीराने स्वतःला वाचवण्यासाठी केलेला तो तहही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोक हा तह अंगी बाळगून जगत होते. त्यांपैकी सुमारे तीन कोटी भारतात. बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती.

ब्लुमबर्ग यांची उत्तरायुष्यातील भटकंती विलक्षण होती. १९८९ ते १९९४ या काळात ते बॅलिओल महाविद्यालयाचे मास्टर होते; त्या शतकानुशतकांच्या संस्थेचे प्रमुखपद भूषविणारे ते पहिले अमेरिकी. १९९९ साली, वयाच्या चौऱ्याहत्तरीत, ते ‘नासा’च्या खगोलजीवशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले आणि इतर ग्रहांवरील जीवसृष्टीच्या शक्यतेचा विचार करू लागले. धर्मग्रंथांचा अभ्यास त्यांनी सोडला नव्हता. चित्रकार असलेल्या पत्नी जीन आणि चार मुले असा त्यांचा संसार होता. काविळीच्या शोधाची हकिकत त्यांनी २००२ साली पुस्तकरूपाने लिहिली.

भारतात कावीळ ‘ब’ची लस सार्वत्रिक लसीकरणात २००२-०३ साली काही ठिकाणी प्रायोगिक तत्त्वावर आली आणि २०११-१२ साली देशभर लागू झाली. हैदराबाद आणि पुणे येथे बनू लागलेल्या स्वस्त लशीमुळे हे शक्य झाले. बाळाला पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो, कारण आईकडून आलेल्या विषाणूने बाळाच्या यकृतात ठाण मांडण्यापूर्वी त्याच्या पेशींना सावध करायचे असते.

५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियातील ‘नासा’च्या एम्स संशोधन केंद्रात चंद्रावरील संशोधन तळासंबंधी परिषद भरली होती. पंचाऐंशी वर्षांच्या ब्लुमबर्ग यांनी तेथे भाषण केले आणि त्यानंतर थोड्याच वेळात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी जागतिक आरोग्य सभेने त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून ठरवला होता. त्या तारखेला तो पहिल्यांदा पाळला गेला, तेव्हा त्यांना जाऊन चार महिने होत आले होते.